महानायक आणि गोदाम

अमेरिकी कॉमिक्स-व्यवसायाच्या अलीकडच्या बातम्यांत कौतुकाचा मान डीसी या प्रकाशन कंपनीचा. २०२४मध्ये तिने गाजलेली कथानके ९.९९ डॉलरच्या छोटेखानी पुस्तकांत आणली. वाचकाच्या खिशाला तळ असतो, हा शोध उशिरा का होईना लागला. टीकेचा मान वितरणव्यवस्थेचा. कॉमिक्सच्या दुकानांचा बहुतेक पुरवठा वर्षानुवर्षे एकट्या डायमंड कंपनीच्या हाती होता. २०२०मध्ये डीसीने, २०२१मध्ये मार्व्हल या दुसऱ्या प्रकाशन कंपनीने दुसरे वितरक गाठले. जानेवारी २०२५मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे छोट्या प्रकाशकांनी केवळ विक्रीसाठी सोपवलेला गोदामातला माल विकून डायमंडच्या धनकोचे देणे भागवण्याचा घाट घातला गेला. दर महिन्याला विश्व वाचवणाऱ्या महानायकांपैकी कोणीही या गोदामाकडे फिरकला नाही.