जांभळ्या खिडकीतलं केशर

अहो, कानावर आलं की नाही? रात्री उशिरापर्यंत ज्या खिडकीतून जांभळा उजेड येतो, त्या घराबद्दल सोसायटीत काय काय बोललं जात होतं! कुणी म्हणे डान्स बार, कुणी म्हणे तांत्रिक. निघालं काय, तर केशर! सासूबाईंची खोली रिकामी करून तिथे रॅक लावलेत, एसी सोळा-सतरावर, आणि सासूबाई हॉलमध्ये सोफ्यावर. पुण्यात म्हणे कुणी जुन्या शिपिंग कंटेनरमध्येही केशर काढलं. मग काय, ज्याची एक खोली रिकामी, तो स्वतःला काश्मिरातल्या केशराच्या पांपोरचा जमीनदार समजायला लागला.

भाव किलोला लाखांत, हे सगळ्यांना पाठ. पण एका ग्रॅमला साधारण दीडशे फुलं लागतात आणि एका फुलात तंतू फक्त तीन, हे प्रशिक्षणाची फी भरल्यावर कळतं.

आणि खरी लफडी पुढेच आहेत. केशराचा कंद फुलतो तो स्वतःच्या साठ्यावर. कळी उन्हाळ्यातच कंदाच्या पोटात तयार असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिला गारवा आणि दमट हवा मिळाली की मातीशिवाय, ट्रेमध्ये पडल्यापडल्या ती उमलते. तेवढ्यापुरता जेमतेम उजेड चालतो. म्हणजे फुलांवर रोखलेले ते लाखभराचे दिवे? शोभा! दिवे खरे लागतात नंतर, पानं वाढतात तेव्हा. त्या पानांच्या जोरावर पुढच्या वर्षीचे कंद पोसतात. काश्मिरात हे काम हिवाळी ऊन फुकट करतं. आपल्याकडे थंडी पांपोरची नाही, म्हणून बंद खोली, आणि मग एसी आणि दिवे दोन्ही विकत.

आता हे दिवे घेतात कसे, ते ऐका. खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेलं बघून! मीटर लावून पाहावं, तर त्यातला दिवा बऱ्याचदा दीड-दोनशे वॅटही ओढत नाही. वर लुमेन विचारतात. लुमेन ही माणसाच्या डोळ्याची मोजणी, आणि आपला डोळा हिरव्यावर भाळतो. झाडाला लुमेनशी देणंघेणं नाही. ते फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, मोजतं. म्हणून विचारायचं ते मायक्रोमोल प्रति ज्यूल, म्हणजे एवढ्या विजेत दिव्याने किती फोटॉन दिले. चांगला एलईडी आज अडीच ते तीनच्या घरात देतो. जुना सोडियम दिवा फार तर १.७ च्या आसपास, आणि स्वस्तातले जांभळे एलईडी कधीकधी त्याच्याही खाली. तरी अंगावर ‘एलईडी’ लिहिलंय ना, मग वीज वाचतेच, अशी श्रद्धा!

जांभळ्याची क्रेझ तर विचारूच नका. पानाला लाल आणि निळाच हवा, हे कुणीतरी अर्धवट ऐकलं आणि बाजार जांभळा झाला. हिरवा उजेडही पानं वापरतात, हे मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं. जाणकार आता पांढऱ्या दिव्यात ६६० नॅनोमीटरचा लाल मिसळलेला घेतात. लाल फोटॉनला वीज कमी लागते, आणि पांढऱ्या उजेडात कंदावर चढलेली बुरशीही दिसते. जांभळ्यात सगळंच जांभळं. कंद कुजला तरी खोलीची शोभा कायम.

मोठ्या खोलीत हा शौक कसा अंगाशी येतो, त्याचा हिशेब करू. समजा, रॅकवर मिळून २० चौरस मीटर ट्रे आहेत आणि दर चौरस मीटरला सेकंदाला २५० मायक्रोमोल हवेत. म्हणजे ५००० झाले. १.६ चा दिवा त्याला ३१२५ वॅट खातो, २.८ चा साधारण १७८६. रोज १२ तास लावले, तर फरक १६ युनिटांचा, महिन्याला ४८० च्या आसपास. युनिटला १० रुपये धरा, ४८०० गेले. घरगुती मीटर असेल तर महावितरणचे स्लॅब वर चढत जातात, तेव्हा ही शेवटची युनिटंच सगळ्यात महाग. शिवाय दिव्याची वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन बसते आणि ती एसीने उपसायची. साधारण तीन युनिट उष्णतेला एक युनिट एसीचं, म्हणजे आणखी दीडेक हजार. अहो, गरम करायलाही पैसे आणि गार करायलाही!

बाकी किरकोळ: एकच मोठा झगझगीत दिवा टांगू नये, मधली पानं भाजतात आणि कडेची उपाशी राहतात. रॅकच्या प्रत्येक फळीला लांबट बार लावावेत, दिव्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर शक्यतो दमट खोलीबाहेर ठेवावा, डिमर असावा. आणि मोठ्या कंपन्यांचंही काही खरं नाही बरं का. अमेरिकेत दिव्याखाली भाजी पिकवणाऱ्या एरोफार्म्सने २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, बोअरीने २०२४ मध्ये टाळं लावलं. त्यांच्याकडे दिवे चांगलेच असणार, तरी ही गत.

आणि एक, कुणाला सांगू नका. म्हणे, एका केशरवाल्याने दुकानात विचारलं, “याचे मायक्रोमोल किती?” दुकानदार म्हणाला, “साहेब, ते यात येत नाहीत, वेगळे घ्यावे लागतील.” आणि यांनी ऑर्डर दिली की हो!