डिलिव्हरी मागच्या गेटनं

गेल्या 3 जूनला जागतिक सायकल दिन झाला. संयुक्त राष्ट्रांनी तो 2018 साली जाहीर केल्यापासून कुणाचा तरी सत्कार करणं भाग असतं, आणि यंदा एका मोठ्या कंपनीला मी सापडलो. माझी पात्रता एवढीच की, कोथरूडहून शिवाजीनगरला तीस वर्षं सायकलवरून नोकरीला गेलो आणि अजून जिवंत आहे.

सत्काराला मी सायकलवरून गेलो. तिथंच चुकलं. गेटवरच्या सिक्युरिटीनं आधी माझ्याकडे, मग सायकलकडे, मग कॅरिअरला बांधलेल्या पिशवीकडे पाहिलं आणि हात लांब केला. "डिलिव्हरी मागच्या गेटनं."

"डिलिव्हरी नाही. सत्कार आहे."

"कुणाचा?"

"माझा."

त्यानं मुकाट्यानं रजिस्टर उघडलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली, आणि पेन 'गाडी नंबर'च्या रकान्यावर येऊन थांबलं. सायकलला नंबर नसतो म्हटल्यावर त्यानं खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं, "मग एंट्री कशी करू, काका?" शहराच्या वाहतुकीवर मी आजवर बरीच चर्चासत्रं ऐकली. इतका मुद्द्याचा प्रश्न कुठंही ऐकला नव्हता.

तसा सायकललाही एके काळी नंबर असायचा. म्युनिसिपालिटी सायकलवर कर घ्यायची आणि पावतीबरोबर पितळी बिल्ला द्यायची. बिल्ला नाही, दंड. रात्री दिवा नाही, दंड. डबलसीट सापडलात, दोघंही खाली उतरा. लोकांना तेव्हा याचा राग यायचा. आता वाटतं, किती मान होता! दंड करायला का होईना, कुणीतरी आपल्याकडे पाहायचं. आज मी लाल सिग्नलला थांबलो तर मागचे लोक हॉर्न वाजवतात आणि मोडून गेलो तर हवालदार जांभई देतो. जिचा दंडसुद्धा कुणाला नको, ती वस्तू वाहनात कशी धरायची?

बिल्ला गेला तसा शब्दही गेला. 'दुचाकी' हा शब्द मुळात सायकलचा. चाकं दोन, म्हणून दुचाकी. इंजिनाचा त्यात संबंध नाही. 1972 साली आमच्याच पुण्यातून लूना निघाली. तिला निदान पायडल तरी होतं. थोडी लाज होती म्हणा. मग स्कूटर वाढल्या, मोटारसायकली वाढल्या, आणि पेपरात 'दुचाकीस्वार जखमी' म्हणजे त्यांच्यातलाच कुणीतरी असं ठरून गेलं. आम्ही नुसते 'सायकलवाला'. हा 'वाला' लागला की माणूस भाजीवाला, रद्दीवाला यांच्या रांगेत जातो. मोटारीतल्याला कुणी मोटारवाला म्हणत नाही. तो 'गाडीमालक'. दोन किलोमीटरवरून पाव किलो कोथिंबीर आणायला हजार किलो लोखंड घेऊन निघतो तो.

बरं, सायकलवाल्यांतही दोन जाती. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी पहिल्या जातीतले. त्यांची सायकल माझ्या मुलाच्या पहिल्या मोटारसायकलीहून महाग. तिला स्टँड नाही, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, आणि घंटीही नाही, कारण घंटीचं वजन होतं. रविवारी पहाटे ते ती मोटारीच्या पाठीवर चढवतात, पट्टे आवळतात आणि सिंहगडाच्या पायथ्याशी नेऊन तिथं चालवतात. सोमवारी ऑफिसला मोटारीनं जातात, कारण "रस्त्यावर सायकल सेफ नाही हो". सेफ का नाही, याचं उत्तर त्याच क्षणी रिव्हर्स घेत असतं. या गृहस्थांना समाजात 'सायकलपटू' म्हणतात.

दुसऱ्या जातीतले सकाळी सहाला कर्वे रस्त्यावर दिसतात. हँडलला डबा अडकवलेला वॉचमन, कॅरिअरला थापी आणि ओळंबा बांधलेला गवंडी, पेपरची लाइन टाकणारा पोरगा. यांना कुणी सायकलपटू म्हणत नाही, त्यांच्या किलोमीटरची नोंद कुठल्या ॲपवर होत नाही, आणि सायकल दिनाला त्यांना सुट्टीही नसते. एकाची सायकल हा छंद, दुसऱ्याची सायकल ही नड. ती नुसतं एक वाहनही असू शकते, कामाला जायचं आणि घरी यायचं एवढ्यासाठीच, हे कुणाला पटता पटत नाही. मी मधला. पेन्शन आहे, गुडघे आहेत, आणि मोटार घ्यायची ऐपतही आहे हे कळल्यावर लोक माझ्याकडे जास्तच संशयानं बघतात. "अहो, लोकांना वाटतं, मी तुम्हाला पैसे देत नाही," इति सौ.

आमच्या सोसायटीत पार्किंगचे चट्टे मारले तेव्हा मीही एक मागितला. "सायकलला कसलं पार्किंग?" असं विचारून सभा पुढच्या विषयाकडे वळली. माझी सायकल मीटरच्या खोलीत उभी असते, मोडक्या नोटीस बोर्डाच्या आधारानं. मोटारीला अडीच बाय पाच मीटर लागतात, म्हणजे सुमारे 135 चौरस फूट. कोथरूडमध्ये एवढ्या जागेत बिल्डर बेडरूम काढतो आणि वर तिला 'मास्टर' म्हणतो. ही बेडरूम रस्त्यावर रात्रभर फुकट. 2018च्या मार्चमध्ये महापालिकेत पार्किंगचं धोरण आलं, रात्री रस्त्यावर गाडी लावायचे पैसे पडणार अशी कुणकुण लागली, आणि काय गहजब! जणू कुणी गाडीमालकाच्या पोटच्या पोराला हात लावला होता. रात्रीचं शुल्क गेलं, सगळे रस्ते जाऊन पाच रस्ते उरले, मग ते पाचही कुठं गेले कळलं नाही. त्याच साली शहरातल्या वाहनांचा आकडा लोकसंख्येच्या पुढं गेल्याची बातमी होती. छत्तीस लाख वाहनं, पस्तीस लाख माणसं. लोकशाहीत बहुमताचं ऐकायचं असतं.

अर्थात सायकलसाठी कुणी काही केलं नाही असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. 2017च्या डिसेंबरात सायकल आराखडा मंजूर झाला, तोही 800हून अधिक किलोमीटरचा. एवढ्यात पुण्याहून नागपूर गाठून, संत्री घेऊन, परत वर्ध्यापर्यंत येता येतं. कागदावर मी तो पुष्कळदा चालवला आहे, फार गुळगुळीत आहे. त्याच सुमारास ॲपवर भाड्यानं मिळणाऱ्या पिवळ्या, केशरी सायकली चौकाचौकांत आल्या. आधी त्यांची सीटं गेली, मग चाकं गेली, मग कंपन्या गेल्या.

प्रत्यक्षातला सायकल ट्रॅक पाहायचा असेल तर खाली बघत चालावं. लाल ब्लॉक दिसले की तो सुरू झाला. तोंडाशी मोटारी घुसू नयेत म्हणून खांब असतात. त्यांतून मोटारसायकल बरोबर जाते आणि सायकलचं हँडल अडकतं. मग विजेचा डीपी. मग अमृततुल्य, म्हणजे चार स्टुलं आणि कटिंग पीत राजकारण करणारे आठ जण. मग उलट दिशेनं येणारा स्कूटरवाला, जो आपल्याला म्हणतो, "बाजूनं चाला ना!" पुढं मंडपाचे खड्डे आणि शेवटी वडाचं झाड. झाडापाशी ट्रॅक संपतो. झाडाला बाण काढलेला आहे.

पण रस्ता करायचा म्हटलं तर आपल्याला येतो, हेही पाहून झालं. 2026च्या जानेवारीत पुण्यात परदेशी सायकलपटूंची मोठी शर्यत झाली, चांगली पाच दिवसांची, 400हून अधिक किलोमीटरची. त्यासाठी रस्ते असे गुळगुळीत केले की मी एका चौकात उतरून हात फिरवून पाहिला. सायकली जायच्या म्हणून मोटारी अडवून धरल्या होत्या. मीही सायकल घेऊन पुढं झालो, तर स्वयंसेवकानं शिट्टी मारली. "काका, बाजूला! सायकली येतायत."

माझ्या हातात काय होतं, हे मी त्याला विचारलं नाही. कर्वेनगरात जुन्या सायकलींचं एक फार सुरेख संग्रहालय आहे, एका हौशी गृहस्थानं उभं केलेलं. पाहुणे आले की मी त्यांना आवर्जून नेतो. हल्ली दाराशी माझी सायकल लावताना जरा धास्ती वाटते. आत घेतली तर?

असो. त्या दिवशी रजिस्टरच्या रकान्यात शेवटी 'नाही' असं लिहून मला आत सोडलं, सायकल मात्र मागं लावायची होती. एसी हॉलमध्ये शाश्वत वाहतुकीवर स्लाइड झाल्या, त्यांतल्या शेवटच्या तीन विजेवरच्या मोटारींच्या होत्या. मग शाल, श्रीफळ आणि वीतभर पितळी सायकल. तिलाही स्टँड नव्हतं. एचआरच्या मुलीला माझी फार काळजी. "सर, एवढं सगळं घेऊन सायकलवर कसं जाणार? कॅब बुक करते ना."

मागच्या गेटला गेलो. सकाळी घाईत नीट पाहिलं नव्हतं. पत्र्याच्या शेडखाली तीसेक सायकली एकमेकींना टेकून उभ्या होत्या. हाउसकीपिंगच्या बायकांच्या, कॅन्टीनच्या पोरांच्या, माळीबुवांची बिनब्रेकची. सगळ्यांना कॅरिअर, सगळ्यांना घंटी. माझी त्यात कुठली, हे मलाच क्षणभर ओळखू येईना.

सकाळचा सिक्युरिटीवाला ड्युटी संपवून तिथंच आपली सायकल काढत होता. त्याला वारज्याला जायचं होतं. माझा नारळ त्यानं कॅरिअरला नीट आवळून दिला, मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"हवा कमी आहे, काका. पुढं नळस्टॉपपाशी पंप आहे," तो म्हणाला. "आणि परत आलात तर सरळ इकडंच या. इथं एंट्री लागत नाही."