उच्चासनाची निवड

उष्टावण, म्हणजे बाळाला अन्नाचा पहिला घास भरवण्याचा विधी, उरकला की शहरी मराठी घरात 'हाय चेअर'चा, म्हणजे उंच पायांच्या, पुढे फळी असलेल्या खुर्चीचा शोध सुरू होतो आणि ज्या कुटुंबाने राहता फ्लॅट एका भेटीत पसंत केला होता, तेच या खुर्चीवर महिनाभर खल करते. नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक यांनी १९७२ मध्ये आणलेल्या 'ट्रिप ट्रॅप' खुर्चीत बैठक आणि पायफळी वरखाली सरकवता येतात, कारण मुलाचे पाय अधांतरी लोंबू नयेत, एवढीच साधी अपेक्षा तिच्यामागे होती. ग्राहकाचे लक्ष मात्र चाके, पेल्याचा खळगा आणि गादीवरचा जिराफ यांवरच खिळते. पंचबिंदू पट्टा, म्हणजे खांदे, कंबरेच्या दोन्ही बाजू आणि मांड्यांमधली जागा अशा पाच ठिकाणी मुलाला आवळणारी योजना, सुरक्षिततेसाठी आवश्यकच आहे, परंतु तिच्या शिवणींत शिरलेला गुरगुट्या भात बाहेर कसा काढावा, याविषयी माहितीपत्रके मौन पाळतात (ती बहुधा अपत्यहीन तज्ज्ञ लिहीत असावेत). दरम्यान बाळ आजीच्या मांडीवर बसून, खिडकीतला काऊ पाहत जेवते आणि खुर्चीच्या फळीवर इस्त्रीला द्यायचे कपडे साचतात.