माननीय रिक्त पद यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. रिक्त पद,
सर्व शासकीय रुग्णालये, महाराष्ट्र राज्य.

स. न. वि. वि.

पत्र कोणत्या खोलीच्या पत्त्यावर टाकावं हे ठरेना, कारण तुम्ही एकाच वेळी बऱ्याच खोल्यांत असता. भूलतज्ज्ञाच्या टेबलामागे तुम्ही, सोनोग्राफीच्या कुलूपबंद दाराआड तुम्ही, रात्रपाळीच्या दुसऱ्या सिस्टरच्या खुर्चीत तुम्हीच. शेवटी म्हटलं, छापूनच टाकावं. तुम्ही वाचणार नाही, पण तुमच्या शेजारी बसून दोघांचं काम एकटीनं उपसणारी एखादी सिस्टर वाचेल.

मी बेगडेवाडीचा. पुणे–लोणावळा लोकलनं गेला असाल तर देहूरोड आणि घोरावाडीच्या मध्ये एक लहानसं स्टेशन लागतं, ते आमचं. लांबच्या गाड्या आमच्या फलाटाला शिट्टी मारून पुढं जातात. आजारी पडायला ही जागा तशी सोयीची आहे. एका दिशेला तळेगाव, वडगाव, कान्हे फाटा. दुसऱ्या दिशेला पिंपरीचं वायसीएम, आणि तिथंही भागलं नाही तर पुणे स्टेशनाजवळचं ससून. अट इतकीच की आजारपण दुपारचं नको. दुपारी लोकलच्या वेळापत्रकाला जे भगदाड पडतं, त्यात ताप, कळा, छातीतली धडधड सगळं फलाटावरच थांबून राहतं. जुन्या महामार्गावरचे अपघात मात्र वेळापत्रक पाळत नाहीत, ही त्यांची बेशिस्त.

तर फलाटावर लोक एकमेकांना जे विचारतात ते तुम्हाला कळवावं, एवढाच हेतू. कुठं न्यावं? तिथं डॉक्टर भेटतील का? ‘पुढं घेऊन जा’ असं सगळेच का म्हणतात? पगार सरकारी असून सिस्टर एवढ्या करवादतात का? ‘आमदारांचा फोन लावा’ म्हणणारा एखादा काका असतोच. या सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी बरीच शोधली, आणि कुठूनही निघालो तरी येऊन तुमच्याच दारात धडकलो. म्हणून म्हटलं, थेट तुम्हालाच लिहावं.

प्रथम अभिनंदन. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेचं लेखापरीक्षण केलं, आणि त्यांचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये विधिमंडळात आला. त्यावरून पाहता डॉक्टरांच्या मंजूर जागांपैकी चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त जागांवर तुम्ही आहात, आणि परिचारिकांच्या तिसऱ्या हिश्शावर. राज्यात इतकी मोठी बढती दुसऱ्या कुणाला मिळालेली नाही. तीही अर्ज न करता, मुलाखत न देता, जात पडताळणीशिवाय.

तुमचं सेवापुस्तक मला फार आवडतं. किरकोळ रजा शून्य. बालसंगोपन रजा शून्य. वैद्यकीय देयकं शून्य. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, परिचारिकाही त्यात होत्या. तुम्ही मात्र त्या काळात एक दिवसही जागा सोडली नाही. वित्त विभागाला तुमच्यासारखा कर्मचारी आवडला नाही तरच नवल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सांगितलं होतं की राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्यावर खर्च करावा. महाराष्ट्र अजून त्याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतो आहे, आणि त्या काटकसरीत तुमचा वाटा सिंहाचा आहे.

पण तुमचं काम कुणाकडून तरी करून घ्यावंच लागतं. सातव्या वेतन आयोगात नियमित अधिपरिचारिकेची श्रेणी ३५,४०० रुपयांपासून सुरू होते, वर महागाई भत्ता. तोच वॉर्ड, तेच सलाईन, तीच रात्रपाळी. पण नेमणूक राष्ट्रीय आरोग्य अभियानातली असेल तर जाहिरातीत आकडा दिसतो दरमहा २०,००० रुपये, ‘एकत्रित मानधन’. ‘एकत्रित’ म्हणजे त्यात सगळं आलं, पुढचं काही विचारू नका. दहा वर्षं पूर्ण झालेल्यांना नियमित सेवेत टप्प्याटप्प्यानं सामावून घेण्याचा शासननिर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला. त्याची अंमलबजावणी करा, असं सांगायला ऑगस्ट २०२५ मध्ये याच कंत्राटी लोकांना बेमुदत काम बंद ठेवावं लागलं. तेव्हा ‘रुग्णांना वेठीस धरलं’ अशी ओरड झाली. तुम्ही वर्षानुवर्षं काम बंद ठेवून आहात. तुमच्याबद्दल असं कुणी म्हटलेलं माझ्या तरी ऐकण्यात नाही. मग करवादलेल्या सिस्टरला मी तरी काय बोलणार? ती माझ्यावर चिडलेली नसते. तिच्या आणि माझ्या मधल्या खुर्चीवर तुम्ही बसलेले असता.

आशाताईंचा हिशोब त्याहून मजेशीर. त्यांचं तर पदच नाही, त्यामुळे तुम्हाला तिथं बसताही येत नाही. २००५ पासून त्या ‘स्वयंसेविका’. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा सन्मान केला. त्यानंतर दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीला, आमच्या राज्यातल्या आशा मानधनातली कबूल केलेली वाढ मागत आझाद मैदानात बसल्या होत्या.

आता ज्या कारणासाठी लेखणी उचलली त्याकडे येतो. रुग्णालयात काही विपरीत घडलं की सापडतो तो हजर माणूस. तुम्ही कधीच सापडत नाही.

मार्च २०१७, धुळे. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण सरकारी रुग्णालयात आणला. तिथं मेंदूचा शल्यविशारद नव्हता. त्या खुर्चीत तुम्ही होतात. कामावर असलेल्या हाडांच्या निवासी डॉक्टरनं खरं तेच सांगितलं : इथं होणार नाही, दुसरीकडे हलवा. जमावानं त्याला इतकं मारलं की त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. पाठोपाठ राज्यभरचे निवासी डॉक्टर रजेवर गेले, न्यायालयात वाद झाले, सुरक्षारक्षक नेमण्याच्या घोषणा झाल्या. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा राज्याचा कायदा आहेच; तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड. या सगळ्यात तुम्हाला साक्षीलासुद्धा कुणी बोलावलं नाही. घटनेच्या वेळी आपण कुठं होतात, हा प्रश्न तुम्हाला विचारताच येत नाही, हीच तुमच्या नोकरीची सगळ्यात मोठी सवलत.

जानेवारी २०२१, भंडारा. जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला रात्री आग लागली, दहा बाळं गेली. जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी कर्मचाऱ्यांची सेवा संपवण्यात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा जण गेले. एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका अटकेत. कुणाची किती चूक हे न्यायालय पाहील, त्यात मी पडत नाही. मला फक्त यादी पाहून नवल वाटतं. यादीत नेहमी त्या रात्री कामावर असलेल्यांचीच नावं असतात.

आणि नांदेड. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ मृत्यू झाले, त्यातली १२ नवजात बाळं. भेटीला आलेल्या एका खासदारांनी घाणेरडं स्वच्छतागृह पाहिलं आणि अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन ते साफ करायला लावलं. कॅमेरे होतेच. ते अधिष्ठाताही ‘प्रभारी’ होते, म्हणजे मूळ खुर्चीत तिथंही तुम्हीच. पत्नी हजर नसेल तर पूजेला शेजारी सुपारी ठेवतात, तसा तुमच्या बाजूला हा प्रभारी ठेवलेला असतो; मान त्याला कमी आणि मार सगळा. मुंबई उच्च न्यायालयानं या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली आणि मनुष्यबळ कमी आहे ही सबब सांगून राज्याला जबाबदारी झटकता येणार नाही, अशा आशयाचं सुनावलं. ‘मनुष्यबळ कमी’ हे तुमचं टोपणनाव, एवढं आम्हाला कळतं.

तुम्हाला हलवायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही, आणि त्यांची कथा तर तुमच्या चरित्रातलं सर्वात रंगतदार प्रकरण आहे. सरकारी जागा भरायची म्हणजे आधी आकृतिबंध, मग सेवाप्रवेश नियम, बिंदुनामावली, वित्त विभागाची मान्यता, मग जाहिरात, मग हरकती, मग कुणीतरी न्यायालयात. एवढ्यातून वाट काढत २०२१ मध्ये आरोग्य खात्याच्या गट क आणि गट ड च्या परीक्षा ठरल्या. सप्टेंबरमध्ये आयत्या वेळी पुढं ढकलल्या. काही पोरं तोवर परगावच्या केंद्रांवर पोचलीसुद्धा होती. ऑक्टोबरमध्ये झाल्या, तर गट ड चा पेपर आधीच फुटलेला. पुणे पोलिसांनी तपास केला तेव्हा अटक झालेल्यांत आरोग्य खात्यातलाच एक सहसंचालक निघाला. इतका जिव्हाळा! घरच्याच माणसानं तुमची खुर्ची वाचवली. नंतर २०२३ मध्ये १०,९४९ जागांची नवी जाहिरात आली. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी माणसं घ्यायचा शासननिर्णय निघाला, तरुणांनी रस्त्यावर येऊन तो हाणून पाडला आणि २० ऑक्टोबरला तो रद्द झाल्याची घोषणा झाली. दीडेक महिन्यात सरकार एक पाऊल पुढं आणि एक मागं. तुम्ही जिथल्या तिथं.

डॉक्टर मिळेनात म्हणून सरकारनं सेवेतल्या डॉक्टरांचं निवृत्तीचं वय ५८ वरून वाढवलं, हेही तुमच्याचमुळे. म्हातारे डॉक्टर थकले तरी खुर्चीत. आणि तुम्हाला थकवा कसा तो माहीतच नाही.

एका गोष्टीसाठी मात्र आभार मानायला हवेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत केसपेपर मोफत, तपासणी मोफत, उपचार मोफत. निर्णय चांगलाच आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. फक्त झालं असं, की फुकट म्हटल्यावर रांग वाढली आणि रांगेच्या टोकाला तुम्ही. पूर्वी केसपेपरचे पैसे द्यायचो तेव्हा निदान ‘पैसे घेतले, आता डॉक्टर दाखवा’ असं म्हणायची सोय होती. तीही गेली. आमच्या ओळखीतले एक आजोबा मांडी दुखते म्हणून एका सरकारी ओपीडीत गेले. खिडकीतला पोरगा नम्रपणे म्हणाला, ‘आजोबा, हाडांचे डॉक्टर बुधवारी येतात.’ कोणत्या बुधवारी, असं आजोबांनी विचारलं. पोरगा हसला. तोही कंत्राटीच होता.

मग माणसं काय करतात, ते ऐका. दागिना मोडतात आणि महामार्गालगतच्या खासगी रुग्णालयात जातात. तिथं तुम्ही नसता, तिथं अनामत रक्कम असते. तिथली सिस्टर किती पगारावर राबते हे विचारायला कुणाला सुचत नाही, पण बहुतेकींची खरी स्वप्नं सरकारी नोकरीचीच असतात. म्हणजे तुमच्याच खुर्चीची. एका बाजूला बसायला तयार असलेली, शिकलेली, नोंदणी झालेली मुलगी, आणि दुसऱ्या बाजूला रिकामी मंजूर खुर्ची. मध्ये फक्त एक फाईल. इतकं कमी अंतर ओलांडायला एवढी वर्षं लागावीत, हे रेल्वेलाही जमलेलं नाही. आमची दुपारची लोकलसुद्धा उशिरा का होईना, येते.

माझं मागणं फार नाही. राजीनामा द्या म्हणत नाही, तो स्वीकारायला सक्षम प्राधिकारी लागतो आणि ते पदही रिक्त असायचं. यापुढं एखाद्या रुग्णालयात काही अघटित घडलं, की कारणे दाखवा नोटिसीत पहिलं नाव तुमचं घालू द्या. चौकशी समितीसमोर तुमची खुर्ची आणून ठेवूया. ती मंजूर केव्हा झाली, रिकामी केव्हापासून, भरायची फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती, हे तिच्यावर चिकटवूया. त्यानंतर त्या रात्री हजर असलेल्या सिस्टरला जे विचारायचं ते खुशाल विचारा. ती उत्तर देईल. तिला सवय आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
बेगडेवाडीचा एक बाह्यरुग्ण

प्रत माहितीस्तव व पुढील कार्यवाहीसाठी : वैद्यकीय अधीक्षक. (पद रिक्त असल्यास प्रभारी अधीक्षक, प्रभारी जिल्ह्याच्या बैठकीला गेले असल्यास आवक-जावक लिपिक, लिपिकाकडे तीन रुग्णालयांचा अतिरिक्त कार्यभार असल्यास शिपाई, शिपाई बाह्यस्रोतातून घेतलेला असल्यास त्याचा ठेकेदार. पोच घेऊन परत करावी.)