गार्डाला चेंडू वर्ज्य

बसा, चहा येतोय. तोवर एका अन्यायाची नोंद घ्या.

अमेरिकन फुटबॉलच्या संघात अकरा जण असतात. त्यातल्या पाच जणांना पुढं फेकलेला चेंडू झेलायला नियमानंच बंदी आहे. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना दोन गार्ड आणि त्यांच्या पलीकडे दोन टॅकल. चेंडू छातीवर येऊन आदळला तरी या पाचांनी तो घ्यायचा नाही. घेतला की पंचाचा पिवळा रुमाल मैदानात पडलाच. नियमावलीनं त्यांना अपात्र ठरवून टाकलंय. कर्जमाफीच्या यादीत नाव का नाही, हे विचारत ज्यानं तहसीलच्या पायऱ्या झिजवल्यात, त्याला माझं दुःख फोड करून सांगायची गरज नाही.

मी गार्ड आहे. उजवीकडचा.

आमच्या माहुरात हा खेळ कसा आला ते थोडक्यात सांगतो. पुण्याला शिकायला गेलेला गल्लीतला एक पोरगा दिवाळीला दोन्ही टोकांना निमुळता असलेला तो चेंडू घेऊन आला आणि मोबाइलवरचे व्हिडिओ बघून पोरांनी सराव सुरू केला. मैदान लागतं १०० यार्ड लांब, दोन्ही टोकांना आणखी १०-१० यार्ड, रुंदी ५३ यार्ड आणि वर एक फूट. या डोंगराळ गावात एवढी सपाट जागा सापडणं मुश्कील. जी सापडली तिथं नवरात्रात रेणुकामातेच्या भाविकांच्या गाड्या लागतात. तिथं माझी तक्रार नाही. देवीचा मान पहिला.

तक्रार पुढं आहे. चपळ पोरं रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारी झाली. ज्याचा चेंडू तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा झाला. माझ्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं गेलं आणि आदेश निघाला, "काका, तुम्ही गार्ड." ना सुनावणी, ना हरकती मागवल्या. अकरा जण जमायची मारामार असते, पण गार्डाची जागा एकाही सरावाला रिक्त ठेवलेली नाही, हेही लक्षात घ्या.

काम काय, तर वाकायचं. उजव्या हाताची बोटं मुरमावर टेकवायची, पाठ सरळ, मान वर आणि हूं की चूं करायचं नाही. चेंडू सुटायच्या आधी खांदा हलला तरी पाच यार्ड दंड. बोटाच्या पेरात खडा रुतत असतो, घाम भुवईवरून डोळ्यात उतरत असतो आणि तो पुसायची मुभा नसते. सेंटरनं दोन पायांमधून चेंडू मागं दिला की समोरच्याला छातीनं आणि तळहातांनी अडवायचं. ढकलायचं, पण धरायचं नाही. धरलं की दहा यार्ड गेले. या सगळ्यात चेंडू आपल्या पाठीमागं असतो, त्यामुळं टचडाऊन झाल्याचं, म्हणजे चेंडू पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात पोचल्याचं, आपल्याला गलक्यावरून कळतं.

आणि दप्तर कसं ठेवतात बघा. तिकडच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये कुणी चेंडू किती यार्ड फेकला, कुणी झेलून किती पळाला, कुणी क्वार्टरबॅकला किती वेळा पाडलं, सगळ्याची आकडेवारी निघते. गार्डानं तीन तास माणूस थोपवून धरला, तर अधिकृत नोंदीत त्याचा रकाना कोरा. चूक झाली की मात्र पंच माइक चालू करून सगळ्या स्टेडियमला त्याचा नंबर ऐकवतो.

नियमात एक पळवाट ठेवलेली आहे, हे मान्य. लाइनवरच्या माणसानं डाव सुरू होण्याआधी पंचाकडं जाऊन तसं कळवलं, तर त्या एका डावापुरता तो पात्र धरला जातो. पण अर्ज केला म्हणजे काम झालं, असं कुठं असतं? ३० डिसेंबर २०२३, डेट्रॉइट लायन्स विरुद्ध डॅलस काउबॉइज. आपल्याकडं रविवारची सकाळ होती. लायन्स १९, काउबॉइज २०, शेवटची काही सेकंद शिल्लक. लायन्सनी टचडाऊननंतरचा जादा दोन गुणांचा डाव लावला आणि ६८ नंबरच्या टेलर डेकर या टॅकलनं चेंडू झेलला. संघ जिंकल्यात जमा होता. तेवढ्यात रुमाल! पंचानं नोंद घेतली होती ती ७० नंबरची. आपण रीतसर कळवलं होतं, असं डेकरचं म्हणणं. निकाल काही बदलला नाही. लायन्स १९-२० हरले. लाखो लोकांसमोर, कॅमेऱ्यांच्या गराड्यात हे होतं, तर माहूरच्या गार्डानं दाद कुणाकडं मागायची?

आपल्याकडचंही सांगतो. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाचा पहिला हंगाम २०१२ मध्ये कोलंबोत खेळला गेला आणि पुणे मराठाजनी दिल्ली डिफेंडर्सना ६-० असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. सहा गुणांत अंतिम सामना जिंकायचा, तर एकेक यार्ड भांडून घ्यावा लागतो आणि ते भांडण लाइनवरच होतं. त्या संघाचे गार्ड कोण होते? माहूरपासून मुंबईपर्यंत एका माणसानं नावं सांगितली तर चहा माझ्याकडून.

आता कळस ऐका. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन आपल्या मुंबईत भरलं. १६ तारखेला तिथं क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉललाही २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला आणि सगळीकडं क्रिकेटचाच गजर झाला. फ्लॅग फुटबॉल पाच-पाच जणांचा. मैदान लहान, पाडापाडी नाही, कमरेची पट्टी ओढली की डाव संपला. आणि समोरच्याला अडवायला बंदी! म्हणजे गार्ड आणि टॅकल ही पदंच निरस्त. सेंटर मात्र राहिला. नुसता राहिला नाही, तिथं तो चेंडू झेलायलाही पात्र आहे. इतके दिवस माझ्या खांद्याला खांदा लावून अपात्र असलेला आमचा सेंटर परस्पर नियमित झाला आणि मी वाऱ्यावर. हा निर्णय आपल्याच राज्यात झाला, आणि बाधितांपैकी कुणाचं म्हणणं कुणी ऐकून घेतलं नाही.

पोरांनी आता कमरेच्या पट्ट्या मागवल्यात. मला म्हणतात, "काका, तुम्ही पंच व्हा." मी होकार दिलेला नाही. माझी अट अशी आहे की आधी जुन्या नियमांनी एक पुरा सामना व्हावा, शिट्टी क्वार्टरबॅकच्या हातात असावी, आणि गार्डानं माणूस नीट अडवला की प्रत्येक वेळी त्यानं माझा नंबर मोठ्यानं पुकारावा. रस्त्यापर्यंत ऐकू गेला पाहिजे.