बरॅक क्रमांक १२ मधला उजेड

जुलै २०१८ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर कोर्टाने भारत सरकारकडे आर्थर रोड तुरुंगातल्या बरॅक क्रमांक १२ चं चित्रीकरण मागितलं. बँकांची कर्जं थकवणारे उद्योगपती विजय मल्ल्या यांना हवाली केलंच, तर त्यांच्या कोठडीत नैसर्गिक उजेड येईल का, हे न्यायाधीशांना पाहायचं होतं. सरकारने चित्रफीत धाडलीही. त्याच तुरुंगात क्षमतेच्या कैक पट माणसं कोंबलेली असतात. त्यांच्यापर्यंत किती ऊन पोचतं, हे पाहायला असा कॅमेरा गेल्याचं ऐकिवात नाही. उजेड हा प्रत्येक कैद्याचा हक्कच आहे. तो थकीत कर्जाच्या प्रमाणात मिळू नये, एवढंच म्हणणं.

आपला कायदा निर्दय आहे, असं मात्र कोणी म्हणू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पहिल्यांदाच चोरी करणाऱ्याला सवलत आहे : माल पाच हजारांच्या आतला असेल आणि त्याने तो परत केला, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. म्हणजे माल पुरता परत द्यायचा आणि वर झाडूही मारायचा. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकाने हेतुपुरस्सर कर्जबुडव्यांशी आणि फसवणुकीच्या खात्यांशीही तडजोड करायची मुभा बँकांना दिली. तिथे पाच हजारांची मर्यादा नाही आणि सगळा माल परत करण्याची सक्तीही नाही. पूर्वी याला ‘चोराच्या हातची लंगोटी’ म्हणत; आता ‘हेअरकट’ म्हणतात. केस अर्थातच बँकेचे, म्हणजे ठेवीदाराचे कापले जातात.

यावर सांगतात की, धंद्यात बुडणं हा गुन्हा नव्हे. मान्य, पण ‘हेतुपुरस्सर’ हे विशेषण बँकांनीच लावलेलं असतं. दुसरा बचाव असा की, या गुन्ह्यांत रक्त सांडत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कर्जघोटाळ्यामुळे पीएमसी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदाराला सहा महिन्यांत स्वतःचेच फक्त एक हजार रुपये काढता येतील, असं ठरलं. पुढे मर्यादा वाढली, पण त्या दिवशी ज्याच्या घरात ऑपरेशन ठरलेलं होतं, त्याला या अहिंसेचं कौतुक सांगून पाहावं. पाकीटमार निदान खिशातलंच नेतो; घरी ठेवलेलं शाबूत राहतं.

तिसरा युक्तिवाद वजनदार आहे : तुरुंगात टाकून पैसे येत नाहीत, तडजोडीने थोडे तरी येतात, आणि फौजदारी खटला चालू राहतोच. खरं आहे. चालूच राहतो. सत्यम कंपनीच्या रामलिंग राजूंनी जानेवारी २००९ मध्ये पत्र लिहून स्वतःच घोटाळा कबूल केला. शिक्षा झाली एप्रिल २०१५ मध्ये, सात वर्षांची, आणि पुढच्याच महिन्यात ती स्थगित होऊन जामीनही मिळाला. कबूल करणाऱ्याची ही कथा, तर नाकारणाऱ्याने घाई का करावी? म्हणून आणखी कडक कायदा नको. कंपनी कायद्याच्या ४४७ व्या कलमात फसवणुकीला दहा वर्षांपर्यंत कैद आहे, ती पुरे. तिची भीती वाटायला हवी असेल, तर खटल्याला शेवट हवा.

तोवर समानतेसाठी एक स्वस्त उपाय आहे. रिझर्व्ह बँकेचं तेच परिपत्रक दादर स्टेशनच्या पाकीटमारालाही लागू करावं. पकडला गेला की त्याने पाकीटवाल्याशी चाळीस टक्क्यांवर तडजोड करावी, उरलेली रक्कम निर्लेखित व्हावी, आणि खटला चालू राहावा. चालूच राहावा.