तोंड फक्त खाण्यासाठी

परदेशात गेलेल्या मराठी माणसाला भाषेची खरी भीती वाटते ती हॉटेलात. विमानतळावर पाट्या असतात, मेट्रोत नकाशे असतात, टॅक्सीवाल्याला फोनवरचा पत्ता दाखवता येतो. पण आपल्या पोटात नेमकं काय जाणार आहे हे विचारायला मात्र तोंड उघडावं लागतं. म्हणून हाँगकाँगला निघालेला माणूस डिस्नेलँड, व्हिक्टोरिया पीक, नाथन रोडवरची खरेदी आणि रात्री चिम शा चोईतल्या एखाद्या भारतीय हॉटेलात पनीर, असा बिनधोक कार्यक्रम आखतो. गल्लीतल्या दिमसमच्या, म्हणजे करंड्यांतून येणाऱ्या छोट्या वाफाळ पदार्थांच्या, हॉटेलावरून तो दोनदा जातो, काचेतून डोकावतो, आतला गलका ऐकतो आणि ‘हे काही आपलं काम नव्हे’ असं म्हणून पिशवीतल्या बाकरवडीकडे वळतो. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ज्याला कँटनीजचं अक्षर कळत नाही त्याच्यासाठी अख्ख्या हाँगकाँगमध्ये याहून सोयीची जागा नाही. त्या गलक्यावर जाऊ नका. तो गिऱ्हाइकांचा आपापसातला आहे. गिऱ्हाईक आणि हॉटेल यांच्यातला सगळा व्यवहार जवळजवळ मुक्यानेच चालतो, आणि तो तसा चालावा म्हणून तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या डोकं लढवलेलं आहे.

आधी दोन गैरसमज बाजूला सारू. आपण ज्याला ‘चायनीज’ म्हणतो ते बरंचसं मुंबईचं आहे. चिकन मंचुरियनचा जन्म १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात झाला असं मानतात आणि त्याचं श्रेय नेल्सन वाँग यांना देतात. खुद्द मंचुरिया हाँगकाँगपासून दोन हजार किलोमीटरहून लांब आहे आणि या पदार्थाची जबाबदारी घ्यायला तिथे कोणी तयार नाही. तेव्हा लाल रस्सा आणि शेजवान चटणी यांची आशा दारातच सोडावी. दुसरा गैरसमज असा, की लोक इथे खायला येतात. लोक येतात ‘यम चा’ करायला, म्हणजे चहा प्यायला. खाणं चहाच्या जोडीला असतं. जुन्या चहाघरांत भल्या पहाटे येणाऱ्या म्हाताऱ्यांचा नेम ठरलेला: चहाचा एक झाकणाचा पेला, दोन नग आणि वर्तमानपत्र. एकेकाळी ही मंडळी आपल्या पाळीव पक्ष्याचा पिंजराही बरोबर आणत आणि टेबलाशेजारी टांगून ठेवत. दोन नगांवर दोन तास बसणाऱ्या गिऱ्हाइकाला आपल्याकडचा मालक कोणत्या शब्दांत उठवील ते सांगायला नको. इथे तो प्रश्न चहाच्या पैशांनीच मिटवला आहे. चहाचे पैसे माणशी लागतात, तुम्ही प्या किंवा पिऊ नका. ‘मी चहा घेतच नाही हो’ हे सांगून उपयोग नाही, कारण ते चहाचे पैसे नसून बसण्याचं भाडं आहे. शिवाय त्या चहात दूध नाही, साखर नाही, आलं नाही, आणि वेलदोड्याची तर बातच नको. त्याला काढा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. तिथे कोणाला कळणार नाही. दुधाचा चहा हाँगकाँगात मिळतो आणि चांगला कडक मिळतो, पण त्याची हॉटेलं वेगळी.

आता मुक्या व्यवहाराचा पुरावा. गर्दीच्या जुन्या चहाघरात जागा दाखवायला कोणी येत नाही. रिकामी खुर्ची दिसली की बसायचं, समोर अनोळखी कुटुंब असलं तरी. ते मान वर करत नाहीत आणि तुम्हीही करायची नाही. मग वेटर येतो आणि एक प्रश्न विचारतो. बहुतेक वेळा हा त्याचा पहिला आणि शेवटचा प्रश्न, आणि तो चहाबद्दलच असतो. उत्तरादाखल ‘पो लेई’ म्हणावं: काळपट, मातकट चवीचा, युन्नानचा मुरवलेला चहा, तुपकट खाण्यावर उतारा म्हणून प्रसिद्ध. तुमचं उच्चारण चुकलं तरी बिघडत नाही, कारण चुकलेल्या उच्चाराचं उत्तरही बहुतेकदा पो लेईच असतं. पाठोपाठ गरम चहाची किटली आणि एक रिकामं भांडं येतं. हे भांडं सूपसाठी आहे असं समजून आशेने बघत बसू नये. त्यात आपली वाटी, पेला आणि काड्या आपणच गरम पाण्याने किंवा पहिल्या चहाने विसळायच्या असतात. एवढ्या पाण्याने जंतू मरत नाहीत हे विसळणाऱ्यांनाही ठाऊक असतं. तो भाग स्वच्छतेचा नाही, सोवळ्याचा आहे. आणि सोवळ्याची कारणं विचारायची नसतात हे मराठी माणसाला वेगळं शिकवायला नको.

किटलीतलं पाणी संपलं तर? हाक मारायची नाही, हात हलवायचा नाही. झाकण तिरकं करून ठेवायचं. येता-जाता वेटर ते बघतो आणि गरम पाणी ओतून जातो. या रिवाजामागे एक दंतकथा सांगतात. कोणा लबाडाने म्हणे चहाच्या भांड्यात पक्षी लपवला, वेटरने पाणी घालायला झाकण उचलताच पक्षी उडाला आणि लबाडाने भरपाई मागितली. तेव्हापासून गिऱ्हाइकाने स्वतः झाकण उघडल्याशिवाय वेटर त्याला हात लावत नाही. कथा खरी असो वा नसो, एका भामट्यापायी सगळ्या प्रांताला नियम लागू झाला, यात अविश्वसनीय काही नाही. दुसऱ्याने आपल्या पेल्यात चहा ओतला की आभार मानायचे तेही टेबलावर दोन बोटं हलकेच आपटून. याचा उगम चियेनलुंग बादशहाशी जोडतात. अठराव्या शतकातला हा बादशहा वेश पालटून हिंडत असता त्याने एका चहाघरात आपल्या सेवकांच्या पेल्यात स्वतः चहा ओतला. दंडवत घालावा तर बिंग फुटणार, न घालावा तर मान उडणार. तेव्हा सेवकांनी दुमडलेल्या बोटांचाच टेबलावर दंडवत घातला. इतिहासकार या गोष्टीला फारशी किंमत देणार नाहीत. पण तिचा उपयोग बघा. तोंडात सबंध डंपलिंग असतानाही आभार मानता येतात, आणि ‘थँक्यू’ कोणत्या सुरात म्हणायचं याची चिंता राहत नाही. कँटनीजमध्ये सुरांना फार महत्त्व आहे. सूर चुकला की शब्दच बदलतो.

खाणं मागायची रीत तर याहून सोपी. बांबूच्या करंड्यांचे मनोरे रचलेली ढकलगाडी टेबलांमधून फिरते, ढकलणारी बाई पदार्थांची नावं पुकारते. आपण एका करंडीकडे बोट दाखवायचं, तिने झाकण उचलायचं, आपण मान डोलवायची किंवा हलवायची. पदार्थ आधी बघायचा आणि मग ठरवायचं, ही चैन जगातल्या महागड्या हॉटेलांत मिळत नाही. तिथे फ्रेंच वर्णन वाचून डोळ्यांपुढे चित्र आणावं लागतं. घेतलेल्या करंडीचा शिक्का टेबलावरच्या कार्डावर उमटतो: लहान, मध्यम, मोठी, खास. शेवटी शिक्के मोजले की बिल. करंडीत काय असतं? हार गाव, म्हणजे कोळंबी भरलेली पारदर्शक पारी, ही सगळ्यांची राणी. तिची पारी गव्हाच्या चिकाच्या पिठाची असते, आपण कुरडयांसाठी काढतो त्याच चिकाच्या. त्यात थोडं टॅपिओकाचं पीठ घालून उकळत्या पाण्यात उकड काढतात. जाणकार कळ्या मोजतात, आणि सातापेक्षा कमी भरल्या तर आचाऱ्याबद्दल वाईट बोलतात. उकडीच्या मोदकाला नावं ठेवत वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटायचं कारण नाही. शिवाय उघड्या तोंडाचं डंपलिंग सिउ माय, तांदळाच्या वाफवलेल्या पातळ पोळीची गुंडाळी चेउंग फन, डुकराचं गोडसर मटण भरलेला आणि डोक्यावर उकललेला चार सिउ बाव. कमळाच्या पानात चिकट भात आला तर पान सोलून टाकावं. ते खाणारे पर्यटक दिसतात, पण ते परंपरेत बसत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: तिथले वेटर उर्मट असतात. करंडी ठेवत नाहीत, आपटतात, हसत नाहीत, ‘वेलकम’ म्हणत नाहीत. सगळं खरं. पण सौजन्य ही फार बोलकी गोष्ट आहे. पंचतारांकित हॉटेलातला वेटर दर दहा मिनिटांनी येऊन ‘एव्हरीथिंग ऑलराइट, सर?’ म्हणून विचारतो, आणि आपल्याला तोंडातला घास गिळून, इंग्रजीत, हसून खोटं बोलावं लागतं. गल्लीतला वेटर हा छळ करत नाही. तुम्ही कोण, कुठले, आनंदात आहात का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही, आणि शेजारच्या म्हाताऱ्याशीही तो तितक्याच तुटकपणे वागतो. हां, रोज येणाऱ्या म्हाताऱ्याची खुर्ची आणि त्याचा चहा त्याला पाठ असतो. पण ती मेहेरबानी मिळवायला वीस-पंचवीस वर्षं लागतात आणि आपला मुक्काम तेवढा नसतो.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: ढकलगाड्या आता राहिल्यात कुठे? फार थोड्या, हे मान्य. माणसं महाग, जागा महाग, आणि फिरून फिरून हार गाव थंड होतात. त्यामुळे बहुतेक ठिकाणी कागदावर खुणा करून मागवायचं आणि ताजं वाफवून घ्यायचं. वेलिंग्टन स्ट्रीटवरचं लिन हेउंग हे गाड्यांचं जुनं चहाघर २०२२ मध्ये बंद झालं. २०२४ मध्ये ते पुन्हा उघडलं. तिथे अनुभवी गिऱ्हाईक गाडीची वाट बघत बसत नाही, कार्ड घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशीच तिला गाठतं. सिटी हॉलमधल्या मॅक्सिम्स पॅलेसमध्येही गाड्या आहेत. पण कागद आला म्हणून भाषा आली असं होत नाही. टिम हो वानचंच उदाहरण घ्या. तीन मिशेलिन ताऱ्यांच्या हॉटेलातला आचारी माक क्वाय पुई याने २००९ मध्ये माँग कॉकला एक इवलंसं दुकान काढलं, त्याला लगेच एक तारा मिळाला, आणि स्वस्तातला तारा खायला जगभरची माणसं रांगेत उभी राहिली. त्यांतल्या किती जणांना चिनी येत होतं? पेन्सिलने खूण करायला ते यावंच लागत नाही. नुसती चिनी अक्षरं असतील तर शेजाऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवावं. टेबल वाटून घेण्याचा हाच फायदा. किंवा ‘लहान’च्या रकान्यात डोळे मिटून खूण करावी. फार फार तर कोंबडीचे पाय येतील. तळून, भिजवून, काळ्या सोयाबीनबरोबर वाफवलेले. त्यांत मांस नसतंच, नुसतं कातडं आणि चिकटपणा. चोखायचं आणि बारीक हाडं बशीत थुंकायची. हे भर सभेत करण्याची मुभा देणारं हॉटेल उर्मट कसं म्हणायचं?

तिसरा आक्षेप शाकाहाऱ्यांचा, आणि तिथे माझं म्हणणं लंगडं पडतं. मुळ्याची वडी दिसायला निरुपद्रवी, पण आत सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेज. पालेभाजीवर ऑयस्टर सॉस. अंड्याच्या टार्टच्या खुसखुशीत पारीत पुष्कळदा डुकराची चरबी. या बाबतीत बोट दाखवून चालत नाही, कारण बोटाला आतलं दिसत नाही. एक शब्द पाठ करावाच लागतो: ‘जाय’, म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. या पद्धतीत कांदा-लसूणही वर्ज्य असल्याने चातुर्मास पाळणाऱ्यांचीसुद्धा सोय होते. जायची हॉटेलं वेगळी असतात, तिथे दिमसमही मिळतं. आणि लांताव बेटावरच्या मोठ्या बुद्धाला जाणारे सगळे ज्या पो लिन मठात जातात, तिथेच शाकाहारी जेवण आणि खाऊ आहे. पायऱ्या चढून, फोटो काढून बसमधल्या डब्यातले ठेपले उघडण्याआधी तेवढी चौकशी करायला हरकत नाही.

बाकीच्यांनी कामाच्या दिवशी सकाळी सात-साडेसातला जावं. टेबलं रिकामी असतात, म्हातारे वर्तमानपत्रात असतात, आणि कित्येक हॉटेलं गर्दीच्या वेळा सोडून दरही उतरवतात. रविवारी दुपारी मात्र जाऊ नका. त्या दिवशी तीन-तीन पिढ्यांची कुटुंबं येतात, दाराशी कागदी नंबर देतात आणि कित्येक ठिकाणी तो कँटनीजमध्ये पुकारतात. तो न कळल्याने उपाशी राहिलात, तर त्याची जबाबदारी या लेखावर नाही.